सारंगपाणी रावांची माडी

सारंगपाणी रावांच्या गच्चीवर फिरायचं तर दारातूनच आत-बाहेर करावं लागतं. तिथे दार नाही, भिंतीही नाहीत. गच्चीच्या एका अंगाला तांदळाच्या पिठानं ओढलेल्या चार रेघा आहेत, आणि एका रेघेत माणूस जाईल एवढी जागा मोकळी सोडलेली आहे. ते दार. पहिल्यांदा कपडे वाळत घालायला वर गेलो, तो सरळ चालत दोरीपाशी पोचलो. मागून आवाज आला, "अहो पुणेकर! भिंतींतून काय चालतां?"

मी मिरजेचा. पण सारंगपाणी रावांच्या लेखी तुंगभद्रेपलीकडचं सगळं पुणंच. त्यांचे पूर्वज मराठ्यांच्या राज्यात तंजावरकडे आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ, अशी त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. शेतीचे पंप विकणाऱ्या माझ्या कंपनीनं मला कुंभकोणमला धाडलं, आणि मी मोडक्या तमिळमध्ये घर शोधत त्यांच्या दारात उभा राहिलो. माझं तमिळ त्यांनी दोन वाक्यं सोसलं. मग म्हणाले, "मराठींत बोला कीं! कशास छळतां?" घर त्यांनी मला नंतर दाखवलं. आधी कॉफी पाजली आणि माझ्या बोलण्यातल्या चुका काढल्या. त्यांच्या मते मराठी बिघडवली ती आम्ही.

पुढचं घर त्यांचं. मागच्या दोन खोल्या, छोटं स्वयंपाकघर आणि अंगणात उघडणारं वेगळं दार माझ्याकडे. त्यांची पत्नी कोमळाबाई मी यायच्या आदल्या वर्षी गेली होती. मूलबाळ नाही. जवळचं माणूस एकच, पापनाशमला राहणारी थोरली बहीण. तिला सगळे अक्का म्हणत. अक्कांनी लग्न केलं नाही, जन्मभर शाळेत शिकवलं, आणि निवृत्तीनंतरही समोरच्याला वर्गातलाच समजून बोलायची सवय सोडली नाही.

त्या भाड्याच्या घरात राहत होत्या. ते घर मालकानं विकायला काढलं. पोंगलनंतर, म्हणजे आपल्या संक्रांतीनंतर, सोडायला हवं होतं. सारंगपाणी राव म्हणाले, माझ्याकडे ये. अक्का म्हणाल्या, "येईन. पण कोणाच्या वळचणीस नाहीं. माझी खोली हवी, माझी चूल हवी. नाहीं तर कोइंबतूरास म्हाताऱ्यांचा आश्रम आहे, तिकडे नांव घातलें आहे." आणि अक्का बोलल्या म्हणजे बोलल्या. म्हणून गच्चीवर ही माडी. पोंगलपर्यंत खोली झाली तर अक्का कुंभकोणमला, नाही तर कोइंबतूरला.

दुसऱ्या कुणी गवंडी बोलावला असता. सारंगपाणी रावांनी तांदूळ दळून आणले.

"खडू वाऱ्यावर जातो," ते मला म्हणाले. "चुना पायांस लागतो. पीठ मुंग्या खातात. तें पुण्य."

या पुण्यामुळे रोज सकाळी पश्चिमेची भिंत अर्धी नाहीशी झालेली असे. सारंगपाणी राव धोतर खोचून ती पुन्हा उभारत. शेजारच्या गच्चीवरच्या बायका हसत, कारण रांगोळीचं पीठ हातात धरलेला बाप्या त्यांनी कधी पाहिला नव्हता. रावांना त्याचं काही नव्हतं. आदल्या दिवशी सिमेंट महागल्याचं कानावर आलं असलं, की ते नव्या भिंती आत ओढत. वाळूचा भाव उतरला की बाहेर. बाजारभाव विचारायला मला पेपर लागत नसे. गच्चीवर गेलं की कळायचं.

त्यात आणखी एक भानगड होती. इकडच्या शास्त्रात खोली किती फुटांची असावी हे ठरलेलं आहे. दहा फूट चांगले, अकरा चांगले, बारा फुटांत लक्ष्मी राहत नाही. मधले इंच कुणी विचारातच घेत नाही. त्यामुळे रावांची खोली वाढायची ती एकदम फुटानं आणि आकसायची तीही फुटानं. एकदा सलग आठवडाभर ती रोज वाढली आणि रोज आकसली, आणि माझी कपड्यांची दोरी कधी आत, कधी बाहेर.

हिशेब ते साड्यांत करत. तिरुभुवनमला रेशमी साड्यांच्या दुकानात त्यांचा जन्म गेला होता. रुपयांत सांगितलेलं त्यांच्या डोक्यात शिरायचंच नाही. "खिडकी मणजे एक मुहूर्ताची साडी," ते सांगत. "न्हाणीघर मणजे अस्की वऱ्हाडाची खरेदी." अस्की म्हणजे सगळी. सेल्वम मेस्त्री, म्हणजे त्यांचा ठरलेला गवंडी, येऊन दारातून आत जाई, खोलीच्या मध्यभागी उभा राहून मान खाजवी आणि पोटमाळ्याचा भाव सांगे. राव डोळे मिटून विचार करत आणि म्हणत, "मोठ्या काठाची. नको. साधा काठ दाखव." मेस्त्री बिचारा कॉफी पिऊन दारातूनच परत जाई.

मी पंपांच्या कंपनीत हिशेबच बघतो, म्हणून मला सल्ला विचारला गेला. मी कर्जाचं नाव काढलं. दोन दिवस माझ्याशी कुणी बोललं नाही.

शेवटी पोटमाळा गेला, फरशीची नक्षी गेली, भिंतीतलं कपाट गेलं. खिडकी मात्र राहिली, कारण अक्कांना देवळाचं गोपुर दिसायला हवं होतं. खोली दहा फुटांवर थांबली. डिसेंबर संपत आला होता. मेस्त्रीनं विटा आणून अंगणात रचल्या आणि म्हणाला, चूल कुठे ते सांगा, म्हणजे सुरू करतो.

चूल कुठे हे फक्त अक्का सांगू शकत होत्या. त्या दर रविवारी पापनाशमहून गाडीनं येत, जेवत, भावाशी कडाकडा भांडत आणि संध्याकाळी परत जात. पण गच्चीवर कधी आल्या नव्हत्या. कधी ऊन असे, कधी वारा. कधी म्हणत, "पिठांत काय बघायचें? विटांत झाली मणजे बघीन." त्या रविवारी मात्र राव ऐकेनात. स्वतः पुढे धावत वर गेले. अक्का जिन्यापाशी आल्या. आमचा जिना अंगणातून सरळ वर जातो, अरुंद आणि उभा. दोन-तीन पायऱ्या चढल्या, कठडा घट्ट धरला आणि तिथेच बसल्या.

"सारंगा, तूं वरूनच सांग. मला ऐकूं येतें."

वरून आवाज आला, "ही बघ खिडकी! हा बघ ओटा!"

"दिसला," अक्का खालून म्हणाल्या. त्यांचे डोळे मिटलेले होते आणि एक हात गुडघ्यावर होता. मी मधल्या पायरीवर उभा होतो. वर बघू की खाली, मला कळेना.

राव खाली उतरले आणि अक्कांच्या वरच्या पायरीवर बसले. "केव्हांपासून?"

"दोन वर्षें झालीं."

"मला कां नाहीं सांगितलेंस?"

"तूं एवढ्या हौसेनें भिंती काढतोस मणून." मग अक्कांमधली मास्तरीण जागी झाली. "अस्का हिशेब केलास रे! माझे गुडघे कोणत्या साडींत धरलेस?"

एरवी यावर भांडण पेटलं असतं. राव हाताचं पीठ झटकत राहिले. अक्का नेहमीच्या गाडीनं गेल्या आणि जाताना म्हणाल्या, "कोइंबतूर काय वाईट नाहीं. तिकडे अस्कें तळमजल्यावर आहे."

मला रात्रभर वाईट वाटत राहिलं. सकाळी उठून अंगणात आलो, मागे वळून माझ्याच दाराकडे पाहिलं आणि उत्तर समोरच दिसलं. दोन खोल्या, वेगळं दार, वेगळी चूल, अंगणाच्या पातळीला. एक वीट लावायला नको. फक्त भाडेकरू उठायला हवा.

मी पुढच्या घरात गेलो आणि म्हणालो, "राव, मी महिनाअखेर जागा सोडतो. अक्कांना तिथं आणा."

ते एवढे चिडले की कॉफीचा पेला त्यांनी आदळला. "हें तुम्ही मला शिकवतां? तें मला पहिल्या दिवशींच ठाऊक होतें!"

"मग हा सगळा खटाटोप कशाला? खर्च कशाला?"

त्यांनी पेला सरळ करून ठेवला. मग हळू म्हणाले, "कोमळा गेली. मग वर्षभर ह्या घरांत मी देवासंगट तेवढा मराठी बोललों. देव उत्तर देत नाहीं. अक्का रविवारीं येते, तें भांडण. तुम्ही तें बोलणें नीट बोलत नाहीं, अस्कें चुकतें. पण संध्याकाळीं घरास येतां आणि मराठींत विचारतां, जेवलांत काय." त्यांनी डोळे पुसले आणि ते लपवलंही नाही. "तुम्हांस जा मणून सांगायचें, एवढी स्वस्त माडी मला नको होती."

मिरजेला माझे भाऊ आहेत, पण माझ्यासाठी कुणी असा हिशेब कधी चुकवला नव्हता.

"मग बांधा माडी," मी म्हणालो. "वर मी राहतो. माझे गुडघे धड आहेत."

रावांनी मान डोलावली. मग फोन उचलला, पापनाशमला लावला आणि एकदम नेहमीच्या आवाजात ओरडायला लागले, "सामान बांध! खालच्या खोल्या तुझ्या. काय? पुणेकर? तो कोठें जातो? तो घरांतच आहे!"