मार्तंडरावांची दुपारची आवड

लिफ्टमध्ये सहदेव परांजप्यांनी खांद्यावर हात ठेवून "धीर धरा" असं म्हटलं, तेव्हा मार्तंडराव देवस्थळींना वाटलं, पाण्याचा टँकर आज येणार नसेल. मुलुंड पूर्वेला धीर बहुधा त्याच बाबतीत धरावा लागतो. पण परांजपे पुढे हळूच म्हणाले, "होतं असं या वयात. वहिनींना काही कळू देऊ नका." एवढं बोलून ते दुसऱ्या मजल्यावर उतरले आणि मार्तंडराव, आपला मजला येऊनही, लिफ्टमध्येच उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी तळमजल्यावरच्या जानकीबाई राणे वर आल्या आणि पद्मजाबाईंच्या हातात पुडकं ठेवून म्हणाल्या, "वयनी, ह्यां घेवा. गावच्या चिंचेचो गोळो. तोंडाक चव येतली." मग पद्मजाबाईंच्या पोटाकडे त्यांनी जरा जास्तच वेळ पाहिलं, "देवाची करणी!" असं म्हणून कानाला हात लावला आणि निघून गेल्या.

"अहो, मला चिंच हवीय असं तुम्ही कुणाला बोललात का?" पद्मजाबाईंनी विचारलं.

"मी? मी कशाला बोलू?"

"मग त्या माझ्या पोटाकडे का बघत होत्या?"

"चिंचेचा आणि पोटाचा काय संबंध?" मार्तंडराव म्हणाले. एरवी ते हुशार गृहस्थ होते, पण त्यांची सगळी हुशारी संगीतात खर्च व्हायची.

सोसायटीत 'सूरसंगत' नावाचं मंडळ होतं. दर रविवारी संध्याकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये जमायचं आणि 'सध्या मी काय ऐकतोय' हे प्रत्येकाने सांगायचं, एवढंच त्याचं काम. खरं कुणीच सांगत नसे. दिवसभर लावणीवर ताल धरणारा माणूस तिथे गंभीर चेहऱ्याने 'ध्रुपद' असं सांगायचा. मार्तंडराव मात्र सकाळचे राग सोडून काही ऐकत नसत, निदान तसा त्यांचा लौकिक होता. त्या लौकिकावरच येत्या रविवारी ते मंडळाचे अध्यक्ष होणार होते. अध्यक्ष झालं की दिवाळी पहाटेला कोण गाणार, हे ठरवायचा मान मिळतो. गेल्या वर्षी भाऊराव अध्यक्ष असताना पहाटे सहा वाजता कराओके झालं होतं. त्या धक्क्यातून मार्तंडराव अजून सावरले नव्हते आणि या मानासाठी ते वर्षभर अक्षरशः देव पाण्यात घालून बसले होते.

रविवारी हॉल भरला. खाण्याची पाळी देवस्थळींकडे असल्यामुळे त्यांची सून दीप्ती साबुदाणा वड्यांचं ताट फिरवत होती. मुलगा मिहिर कामासाठी पुण्याला गेला होता. मार्तंडरावांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "सध्या मी तोडी ऐकतोय. फक्त तोडी."

"एक मिनिट," भाऊराव मोबाईल नाकाशी धरून उठले. "मार्तंडराव, गैरसमज नको. गाण्याच्या ॲपवर आपले मित्र आत्ता काय ऐकताहेत ते दिसतं. तुमच्या मिहिरनेच आपल्या सगळ्या मंडळाला एकमेकांशी जोडून दिलंय."

"बरं मग?"

"तोडी दिसते. सकाळी सातला. पण सहाला दिसतं ते रॅप. त्यात शिव्या आहेत हो!"

हॉलमध्ये चुळबुळ झाली. मार्तंडरावांना रॅप म्हणजे नेमकं काय हेसुद्धा धड ठाऊक नव्हतं.

"संध्याकाळी प्रेमभंगाच्या गझला. एकाच बाईने फसवलं म्हणून लागोपाठ आठ-दहा. परांजपे तर रडवेले झाले होते."

"मी काही बोललो का कुणाला?" परांजपे म्हणाले.

"अहो, त्या गझला माझ्या!" मागच्या खुर्चीतून पद्मजाबाई कडाडल्या. "पोळ्या लाटताना मला तेच लागतं. घरात एकच खातं आहे. मिहिरने सगळ्यांच्या फोनवर यांच्याच नावाने चालू करून दिलंय. आणि ते सकाळचं शिव्यांचं त्याचं, जिमला जातानाचं."

मार्तंडरावांचा जीव भांड्यात पडला. लिफ्टमधला धीर कशासाठी होता, तेही आत्ता कळलं. सगळे हसले. परांजप्यांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. अध्यक्षपद आता हाताच्या अंतरावर होतं.

"मग दुपारी दोनचं गर्भसंस्कार कुणाचं?" भाऊरावांनी विचारलं.

जानकीबाईंनी मान वळवून पद्मजाबाईंकडे पाहिलं. पद्मजाबाईंनी जोरात नकारार्थी मान हलवली. चिंचेचा उलगडा त्यांना त्या क्षणी झाला आणि त्या लालबुंद झाल्या. मार्तंडराव हिशेब करू लागले. दुपारी दोनला मिहिर ऑफिसात. पद्मजा झोपलेली. घरून काम करणारी एकटी...

त्यांनी वर पाहिलं. दीप्ती ताट धरून जागच्या जागी थिजली होती. वड्यांच्या वासाने ती सकाळपासून दोनदा गॅलरीत जाऊन आली होती. ती सासऱ्यांकडे बघत होती आणि तिने फक्त मान किंचित हलवली. नको, प्लीज. तीन महिने होईपर्यंत घरातसुद्धा बोलायचं नाही, असं तिच्या आईने बजावलं असणार. आणि इथे तर अख्खा हॉल कान टवकारून बसला होता. जानकीबाईंची मान आता सावकाश ताटाच्या दिशेने वळत होती.

"मीच ऐकतो," मार्तंडराव म्हणाले.

"काय?"

"गर्भसंस्कार. मीच ऐकतो."

"तुम्ही?" भाऊरावांचा चष्मा नाकावरून घसरला. "कशासाठी?"

"झोप लागते."

"पण त्यात ती बाई सांगते ना, पोटावर हात ठेवा म्हणून?"

"ठेवतो."

"आणि बाळाशी बोला म्हणते!"

"बोलतो."

"काय बोलता?"

"ते आमच्या दोघांतलं आहे," मार्तंडराव म्हणाले आणि खाली बसले.

अध्यक्षपद एकमताने पुन्हा भाऊरावांना मिळालं. मार्तंडरावांना फार वाईट वाटलं. तोडीचा एवढा घोर अपमान त्यांच्या हयातीत झाला नव्हता, आणि तो त्यांनी स्वतःच्या तोंडाने केला होता. घरी येऊन ते खुर्चीत बसले. दीप्ती चहा घेऊन आली.

"बाबा, सॉरी. ते सगळ्यांना दिसतं हे मला खरंच माहीत नव्हतं. तुमचं अध्यक्षपद..."

"मरू दे गं. तीन महिने कधी होतायत?"

"दिवाळीच्या आधी."

"तोवर बिनधास्त ऐक. माझ्या नावावर." मग चहाचा घोट घेऊन त्यांनी विचारलं, "आवाज बरा आहे का त्या बाईचा? की बेसूर आहे?"

त्या आठवड्यात भाऊरावांचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ते म्हणाले, "ते दुपारचं... खरंच झोप लागते का हो? मला गेलं वर्षभर डोळ्याला डोळा नाही." मार्तंडरावांनी खुशाल "हो" म्हणून टाकलं. मग भाऊरावांच्या नावापुढेही रोज दुपारी तेच दिसू लागलं, आणि पाठोपाठ परांजप्यांच्याही.

दिवाळी पहाटेला कराओके सुरू व्हायच्या आधीच पद्मजाबाईंनी हॉलभर पेढे वाटले. जानकीबाईंनी दीप्तीच्या पाठीवरून हात फिरवला. "बाय माझी! चिंच माका परत मागूक लागतली," त्या म्हणाल्या. भाऊराव पेढा हातात धरून मार्तंडरावांजवळ आले.

"कमाल आहे, मार्तंडराव. ऐकलंत तुम्ही आणि गुण आला सूनबाईला!"

पण बोलता बोलताच त्यांचा चेहरा उतरला. त्यांच्या घरी दोन सुना होत्या, जागा दोनच खोल्यांची होती आणि नातवंडं आधीच चार. तिथल्या तिथे मोबाईल काढून त्यांनी ते गर्भसंस्कार कायमचं पुसून टाकलं. परांजप्यांनी तर सरळ फोनच बंद केला.

पुढे दीप्ती बाळंतपणासाठी माहेरी, बोरिवलीला गेली आणि तिथे स्वतःच्या वेगळ्या खात्यावर ऐकायची. तरीही दोन वाजले की मार्तंडरावांच्या नावापुढे तेच दिसे. काहीतरी बिघडलंय असं वाटून पद्मजाबाई एकदा बघायला आतल्या खोलीत गेल्या.

मार्तंडराव पलंगावर उताणे पडले होते. हेडफोन कानात, डोळे मिटलेले, दोन्ही हात पोटावर. ओठ हलत होते. पद्मजाबाईंनी जवळ जाऊन कान दिला.

"...बाळा, दिवाळीत ते जे कानावर पडलं, त्याला गाणं म्हणत नाहीत," ते अगदी समजावून सांगत होते. "तू बाहेर ये, मग तोडी ऐकवतो. तोपर्यंत भाऊराव आजोबांचं काही मनावर घेऊ नकोस."