येता-जाता माणूस भेटलाच पाहिजे!

मी हितेंद्र, आर्किटेक्ट, मुक्काम धुळे. बाकीचे भिंती बघून घरं बांधतात, मी माणसं बघून बांधतो! हे वाक्य मी पाच भाषणांत वापरलंय. एका वस्तीतल्या चाळीस कुटुंबांसाठी तीन मजली इमारत काढायची होती, तेव्हा पेन्सिल उचलण्याआधी मी सहा बैठका घेतल्या. सहा!

बैठकीत पुढे म्हातारे, मागे पदर ओढलेल्या सुना. वस्तीतले वडीलधारे निंबा आबा. त्यांना विचारलं, "आबा, काय हवं तुम्हाला?"

"बसाले जागा पाहिजे."

मग मागे वळून विचारलं, "ताई, जिन्यापाशीच ओटे केले तर चालेल ना?" पदर हलले. मी वहीत लिहिलं, महिलांचा शंभर टक्के होकार!

मग काय! इमारतीला एकच जिना आणि पायथ्याशी समोरासमोर दोन लांबलचक ओटे. येता-जाता माणसाला माणूस भेटलाच पाहिजे!

लोक राहायला येऊन तीन महिने झाले, आणि पुण्याहून पुरस्काराचे परीक्षक इमारत बघायला यायचे ठरले. त्या दिवशी मी साडेनऊलाच हजर. ओट्यांवर चौदा टोप्या! माझा ऊर भरून आला. पण बाई एकही नाही. फोटोत काय दाखवू?

"ताई, खाली या!" मी ओरडलो. वर एक दार लागलं.

"पाहुना येई ऱ्हायनात, खाले या वं!" आबा गरजले. आणखी चार दारं लागली.

मला मदत म्हणून आबांनी मागच्या गल्लीतून सहा म्हातारे आणून बसवले. वीस टोप्या!

बायका रुसल्या असतील, नळाला पाणी नसेल, म्हणून मी धावत वर गेलो. जिन्याच्या वळणावर आबांची धाकटी सून दिपमाला उभी. एका हातात डबा, दुसऱ्यात चपला, डोळ्यांत पाणी.

"साहेब, दहाला शिवणकेंद्रावर पोचायचंय. या महिन्यात आठदा उशीर झालाय. आजही झाला तर माझं मशीन दुसरीला देणार."

"मग जा की!"

"खाली सासरे, चुलत सासरे, मोठे दीर! चपला घालून कशी जाऊ? अनवाणी गेले, तरी चौदा जण विचारतात, कोठे जाई ऱ्हायनी? चौदांना उत्तर द्यायचं. ते चहाला उठले की आम्ही उतरतो. आज उठतच नाहीत."

"पण बैठकीत तुम्ही माना हलवल्यात!"

"आडव्या हलवल्या, साहेब. पदरात दिसल्या नसतील."

सहा बैठका घेतल्या, पण सुनांशी वेगळं बसून एकदाही बोललो नव्हतो. लाज वाटली. अगदी कानशिलं गरम होईपर्यंत वाटली.

खाली येऊन मी चाचरत म्हणालो, "आबा, जरा उठता का?"

आबा टुणकन उठले! "उठा रे बठ्ठा जन! साहेबनी सुट्टी दिधी!"

"म्हणजे?"

"काळी फरशी शे भाऊ, नऊ वाजापासून बूड भाजस! पन तुम्ही इतली हौस करी बांधेल शेतस. आम्ही नहीं बसनूत ते तुम्हले वाईट वाटी."

दिपमालाला स्कूटरवर बसवून सुसाट निघालो. पोचलो तेव्हा दहा वाजून सात मिनिटं. केंद्राच्या नूतनबाई दारातच उभ्या.

"हिला रोज उशीर का होतो?"

"तिची चूक नाही. ज्या गाढवाने तिची इमारत बांधली, त्याची आहे."

"आणि तुम्ही कोण?"

दिपमाला माझ्याकडे बघत होती. मला पाचही भाषणं आठवली.

"मी... हिला सोडायला येतो."

"मग वेळेवर सोडत जा! उद्या उशीर झाला, तर मशीन गेलंच समजा."

परीक्षक तेवढ्यात येऊन गेले. रिकाम्या ओट्यांचे फोटो काढले म्हणे.

म्हातारे आता ओट्यावर बसत नाहीत. फाटकाजवळच्या लिंबाखाली बसतात, सावलीत. आणि फाटकही एकच आहे. तेही मीच काढलेलं!

दुसरं फाटक होईपर्यंत मी रोज साडेनऊला स्कूटर घेऊन हजर असतो. साहेबांच्या मागे बसलेल्या सुनेला कोणी काही विचारत नाही. मला विचारतात. "कोठे जाई ऱ्हायनात, साहेब?"

मी चौदांना उत्तर देतो.