बनसोडे साहेबांचं ‘समजा’

बनसोडे साहेबांना ‘कसे आहात?’ असं कधीही विचारू नये. मी विचारलं होतं. कंपनीच्या बसमध्ये त्यांच्या शेजारची जागा मिळाली म्हणून, निव्वळ सभ्यपणानं. त्यांनी एका कानातला इअरफोन काढला, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “कशाच्या तुलनेत?”

“तुलनेत असं नाही... आपलं बरे आहात ना?”

“समजा, बरं असणं म्हणजे आजारी नसणं. मग मी बरा आहे. पण समजा, बरं असणं म्हणजे कालच्यापेक्षा चांगलं असणं. मग काल मी कसा होतो ते आधी ठरवावं लागेल. कुठली व्याख्या धरू?”

बस तेव्हा काळेवाडी फाट्यावरून निघाली होती. मोशी मागे पडली तरी बनसोडे साहेब बरे आहेत की नाहीत, याचा निकाल लागलेला नव्हता.

आमच्या चाकणच्या कंपनीत गाड्यांचे सुटे भाग बनतात आणि ते नीट बनलेत का हे बघणाऱ्या विभागाचे बनसोडे साहेब प्रमुख. मी खरेदी विभागात. म्हणजे मी आणलेला माल ते परत पाठवतात, असं आमचं नातं. साहेबांचे वडील पिंपरीतल्या कारखान्यात तिन्ही शिफ्टमध्ये राबले, साहेब इंजिनिअर झाले, थेरगावात स्वतःचा फ्लॅट झाला, दोनतीन वर्षांत निवृत्ती. अशा वयात माणसं गुडघ्यांकडे लक्ष देतात, फार तर हार्मोनियम आणतात. साहेबांनी गणित आणलं. तेसुद्धा व्याजाचं किंवा पगाराचं नव्हे. ज्यात आकडेच नसतात ते.

“आकडे नसतील तर ते गणित कसलं?” असं मी विचारलं होतं.

“राव, भाषेचा अभ्यास म्हणजे काय बाराखडी घोकणं असतं का?” असं म्हणून त्यांनी दुसऱ्याही कानात इअरफोन घातला. एक इअरफोन म्हणजे ते आपल्याशी बोलायला तयार असतात. दोन म्हणजे आपण नापास.

मग हळूहळू मला त्याची गोडी लागली. गणिताची नव्हे, साहेबांची. ते साध्यातली साधी गोष्ट उचलायचे आणि ‘समजा’ म्हणायचे की ती वेगळीच दिसायला लागायची. एकदा जेवणाच्या टेबलाकडे जाताना म्हणाले, “समजा, बाजारात सध्या आठ भाज्या आहेत आणि आपण जेवायला नऊ जण. मग आज निदान दोघांच्या डब्यात एकच भाजी असणार. सिद्ध झालं.”

“पण कोणाच्या?”

“ते सिद्ध झालेलं नाही.”

“डबे उघडून बघू की साहेब!”

“बघा. पण मग ते गणित नाही. शुद्ध गणित डबा उघडत नाही.”

डबे उघडले तर सहा जणांकडे फ्लॉवर. साहेब घास तोंडाशी तसाच धरून थबकले आणि अत्यंत समाधानानं म्हणाले, “बघा! दावा किती सावधपणे केला होता.”

दुसऱ्या वेळी त्यांनी मला शिकवलं की काही क्रियांचा क्रम बदलला तरी उत्तर तेच राहतं आणि काहींचं बदलतं. शहाण्यानं आधी कुठली कुठल्या जातीची ते बघावं. मी लगेच प्रयोग केला. कोकणची तिकिटं आधी काढली, रजा नंतर मागितली. आमची ही आणि मुलं गणपतीपुळ्याला जाऊन आली. मी चाकणला होतो. साहेब मात्र खूश. “उत्तम उदाहरण दिलंत,” म्हणाले.

पण मी जो खरा गोंधळ घातला तो बसचा. आमची बस सगळ्या थांब्यांवरून माणसं गोळा करत कंपनीत पोचते आणि एकेका रस्त्यावरून दोनदोनदा जाते, अशी जुनी तक्रार होती. साहेबांनी एका दुपारी थांबे म्हणून ठिपके काढले, रस्ते म्हणून रेघा जोडल्या आणि पेन न उचलता, कुठलीही रेघ पुन्हा न गिरवता सगळे ठिपके गाठून दाखवले. इतकं सुंदर होतं ते! मी बसच्या कमिटीत. मला सुंदर गोष्टी फार वेळ बघवत नाहीत, लगेच अमलात आणाव्याशा वाटतात. साहेब म्हणत होते, “राव, थांबा, अजून एकदा बघतो.” मी म्हटलं, “साहेब, सिद्ध झालंय ना?” आणि मिटिंगमध्ये टेबलावर हात आपटून तो नकाशा मंजूर करून घेतला.

सोमवारी बस वेळेच्या आधी आली. रस्त्याच्या पलीकडच्या बाजूनं. मधे बीआरटीच्या राखीव बसमार्गाचे कठडे. अलीकडे आम्ही सगळे काळेवाडीकर डबे हातात घेऊन उभे, पलीकडून ड्रायव्हर तापकीरमामा हॉर्न देतायत आणि खिडकीतून ओरडतायत, “या की! मला जसं कागदावं दिलंय तसाच आलोय मी!” आदल्या मिटिंगमध्ये टेबलावर हात आपटलेला असल्यामुळे आधी मलाच जाणं भाग होतं. मी कठड्यावर चढलो. डबा पलीकडे पोचला, मी पोचलो, पँट अर्धी अलीकडेच राहिली. बसमधल्या देशपांडेबाईंनी ओढणी दिली. ती कमरेला गुंडाळून मी दिवसभर खरेदी केली.

मला वाटलं, साहेब शरमिंदे होतील. ते बसमध्ये जागेवरून उठून उभे होते आणि त्यांचे डोळे चमकत होते. “राव, माझ्या ठिपक्याला बाजूच नव्हत्या! खऱ्या थांब्याला दोन बाजू असतात. मी जगातली एक गोष्ट टाकून दिली आणि नेमकी तीच हवी होती. काय मजा आहे बघा!” माझ्या ओढणीकडे बघत हे म्हणायला मोठं मन लागतं.

एकाच विषयावर त्यांचं ‘समजा’ अडखळायचं. त्यांची मुलगी प्रज्ञा. तिनं गणितातच एम.एस्सी. केलं होतं, पुढे दक्षिणेतल्या एका मोठ्या संस्थेत संशोधनाला गेली, चार वर्षांनी ते अर्धवट सोडून परत आली. आता हिंजवडीत नोकरी आणि मारुंजीला मैत्रिणींबरोबर भाड्याची खोली. घर थेरगावात असताना.

एकदा मोशीजवळ बस तुंबलेली. साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले, “अंतर कशाला म्हणायचं, याचे नियम असतात. एक नियम असा, की इथून तिथं जेवढं, तेवढंच तिथून इथं असलं पाहिजे. समजा, मी थेरगावात आणि प्रज्ञा मारुंजीत. मला तिकडं जायला अर्धा तास पुरतो. तिला इकडं यायला महिना लागतो. मग ह्याला अंतर म्हणता येईल का?”

“डांगे चौकात ट्रॅफिक फार असतं साहेब,” मी म्हणालो. असली उत्तरं मला फार पटकन सुचतात.

त्यांनी दुसरा इअरफोन घातला.

मध्यंतरी एका रविवारी त्यांनी मला घरी भज्यांना बोलावलं. मी पोचलो तर साहेब कोथिंबीर आणायला डांगे चौकात गेलेले. वहिनी स्वयंपाकघरात. मी पाणी प्यायला आत गेलो आणि बघतच राहिलो. फ्रिजचा पांढरा दरवाजा वरपासून खालपर्यंत चिन्हांनी भरलेला.

“रोज सकाळी हेच,” वहिनी म्हणाल्या. “प्रज्ञा येणार असली की पुसून टाकतात.”

“का? तिला तर आवडेल.”

वहिनींनी गॅस बारीक केला. “भावजी, ती तिकडचं सोडून आली ना, तेव्हा आठ दिवस नुसती पडून होती. एक दिवस हे म्हणाले, ‘अगं, तुझे आजोबा तापलेल्या भट्टीपुढं उभे राहिले. नुसतं बसून विचार करायचा, त्यात एवढं काय अवघड असतं?’ चिडून नाही हो. साधेपणानंच म्हणाले. पोरीनं त्याच आठवड्यात मारुंजीला खोली बघितली. अजूनही येते, ‘जेवलात का, बीपीची गोळी घेतली का’ विचारते, जाते. आणि ह्यांनी त्याच महिन्यात हे सुरू केलं. तिला सांगायचं नाही म्हणतात.”

तेवढ्यात बेल वाजली. प्रज्ञा. आज येणार नव्हती, आली होती.

वहिनींनी मला नुसत्या डोळ्यांनी फ्रिज दाखवला. मी ओलं फडकं घेतलं, घासलं. काही हलेना. हलणार कसं? आदल्याच आठवड्यात साहेबांनी मार्कर मागितला होता आणि खरेदी विभागाचा माणूस या नात्यानं मी त्यांना उत्तमातला उत्तम आणून दिला होता. लोखंडावर खुणा करायचा. तेलानंही न जाणारा. मग मला जे सुचलं ते मी केलं. फ्रिजला पाठ लावून, दोन्ही हात पसरून उभा राहिलो.

“नमस्कार काका,” प्रज्ञा म्हणाली. “गार पाणी घ्यायचं होतं.”

“गार पाणी घशाला वाईट,” मी म्हणालो.

“काका, जरा सरकता?”

“माझ्या पाठीला उसण भरलीय. असं उभं राहिलं की बरं वाटतं.”

तिनं माझ्याकडे बघितलं. मग माझ्या काखेखालून दिसणाऱ्या ओळीकडे बघितलं. मग मला खांद्याला धरून, अगदी आदरानं, बाजूला केलं.

ती वाचत राहिली. इतक्या वेळ कोणी फ्रिज बघत नाही. मागे साहेब केव्हा येऊन उभे राहिले ते कळलं नाही. हातात कोथिंबीर, अंगावर घाम.

“हे ग्रुप थिअरीतलं आहे,” प्रज्ञा म्हणाली. “माझ्या विषयाची सुरुवात. कोणी लिहिलं?”

“मीच,” साहेब म्हणाले.

“ही चौथी ओळ तिसरीतून कशी आली?”

“आलीच नाही. दिवाळीपासून तिथंच बसलोय.” त्यांनी कोथिंबीर या हातातून त्या हातात घेतली. “आणि हे तुझं पहिलं पान. तू तर चार वर्षं...” मग म्हणाले, “अवघड आहे गं. मी उगाच बोललो तेव्हा. फारच अवघड आहे.”

प्रज्ञाची सॅक अजून खांद्यावरच होती. आली की जाईपर्यंत ती तशीच असायची, असं वहिनी नंतर म्हणाल्या. ती तिनं उतरवून खुर्चीवर ठेवली, आणि चौथ्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, “इथं तुम्ही एक गोष्ट गृहीत धरलीत बाबा, ती तुम्हाला दिसतच नाहीये. बसा इथं. मार्कर कुठंय?”

मार्कर मी दिला. माझ्याकडून झालेली तेवढीच मदत. नंतर पाऊण तास दोघं फ्रिजपुढे स्टूल टाकून भांडत होते. मोठमोठ्यानं. भज्यांचं पीठ तसंच पडून होतं आणि त्याबद्दल कोणाला काही वाटत नव्हतं, मला सोडून. शेवटी मी चपला घालायला लागलो.

वहिनी दारापर्यंत आल्या. आत कान देऊन हळूच म्हणाल्या, “भावजी, ते गणित लवकर सुटेल का हो?”

“वहिनी, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण एकंदर आवाजावरून वाटतं, आज काही सुटणार नाही.”

“बरं झालं,” वहिनी म्हणाल्या, आणि रात्रीसाठी जास्तीची कणीक भिजवायला आत गेल्या.