केंद्रप्रमुखांचे पचन

भावना मॅडमनी सातवीचे बाक भिंतीला लावले आणि वर्गाचे पोट केले. पुढचे दार म्हणजे तोंड. मागचे दार म्हणजे काय, हे मुलांना सांगावे लागले नाही.

मुख्याध्यापक बबनराव सकाळीच बजावून गेले होते. "मॅडम, हे खेळ आजच्या दिवस. नवीन केंद्रप्रमुख आष्टीहून कधीबी येतीन. त्याइनं नाव ठेवलं, तं उद्यापासून पुस्तक अन् घोकणं."

घोकणे म्हटले की मुले पेंगत आणि मुलांकडे पाहून मॅडमही. त्यांना हा वर्ग जागा हवा होता. म्हणून त्यांनी दोनच नियम घालून दिले. पुढच्या दारातून येईल तो घास, आणि घास उलटा फिरत नाही. यकृत होणारी इला आज गैरहजर होती. मग मॅडमच डोक्यावरून चादर घेऊन कोपऱ्यात यकृत झाल्या. भाकर झालेला धीरज तेवढ्यात पाणी प्यायला गेला.

दार उघडले. आत आले हिरालाल साहेब, नवे केंद्रप्रमुख, शाळेत पहिल्यांदाच. त्यांना ओळखणारे तिथे कोणीच नव्हते.

"नमस्ते बच्चो," ते म्हणेपर्यंत दात झालेल्या आठ मुलींनी टाळ्या वाजवत त्यांना दोन्हीकडून घेरले. शाल्मलीने तोंडावर पाणी शिंपडले.

"अरे, काय करून राह्यले तुम्ही?"

"चावून राह्यलो. हे लाळ होय. समोर सरका."

"मले हेडमास्तरले भेटाचं आहे. मी मागं जातो."

"मागं नाई जाता येत. उलटी होते."

बावीस वर्षांच्या नोकरीत साहेबांना अशी अडचण कोणी सांगितली नव्हती. यात काहीतरी चुकते आहे हे त्यांना कळत होते, पण नेमके काय ते सापडेना. ते पुढे सरकले. अन्ननलिकेने त्यांना ढकलले. जठराने हात धरून तीन गिरक्या दिल्या.

"दरवाजा कुठी आहे?" साहेबांनी भिंतीला विचारले.

"अजून लहान आतडं बाकी आहे, काका," सुश्रुत म्हणाला आणि त्याने आदराने त्यांचा चष्मा, पेन, मोबाईल आणि तपासणीचा कागद काढून घेतला.

"हे काऊन?"

"तुमच्यातलं जे कामाचं आहे, ते आम्ही ठेवून घेतो."

मोठ्या आतड्यातल्या दोघींनी त्यांच्याजवळची पाण्याची बाटली घेतली. "उरलेलं पाणी इथं शोषते," त्यांनी समजावले आणि दार उघडले.

साहेब थेट खिचडीच्या पातेल्याजवळ बाहेर पडले. पातेले ढवळणाऱ्या कौशल्याबाई डाव थांबवून बघत राहिल्या. "कुठून आले जी तुम्ही?"

"तेच पाहून राह्यलो," साहेब म्हणाले.

बबनराव धावत आले. "साहेब, तुमचा चष्मा?"

"शोषला म्हणते."

बबनराव संतापाने लाल झाले. मागचे दार आतून बंद झाले होते, म्हणून शाळेला वळसा घालून ते पुढच्या दाराकडे पळाले.

आवाज ऐकून मॅडमनी चादर बाजूला केली. मागच्या खिडकीत अनोळखी, ओला गृहस्थ, सुश्रुतच्या हातात तपासणीचा कागद. सगळे त्यांच्या लक्षात आले. संपले, उद्यापासून घोकणे.

सुश्रुतने मात्र शांतपणे खिडकीतून चष्मा बाहेर दिला. "घ्या काका. शोषलेलं रक्तात जाते, अन् रक्त ते जिथल्या तिथं पोचवते."

साहेबांनी चष्मा चढवला. "अन् पाणी शेवटीच काऊन घेतलं?"

"मोठ्या आतड्याचं तेच काम आहे ना," दोघी एकदम म्हणाल्या.

तेवढ्यात पुढचे दार धाडकन उघडले आणि बबनराव गरजत आत शिरले. आठ मुलींनी त्यांना घेरले. शाल्मलीने ओंजळ भरली.

मॅडम "थांबा" म्हणायला हात वर करत होत्या. खिडकीतून साहेबांचा आवाज आला.

"थांबवू नका, मॅडम. घास मोठा आहे. बारीक चावा म्हणा."