साळूबाईचं संग्रहालय आणि गंगीची घंटा

एका जंगलात, बाळांनो, एक वस्तुसंग्रहालय होतं. हसू नका. जंगलालासुद्धा आजोबा-पणजोबा असतात.

ते चालवायची साळूबाई नावाची साळिंदर. पगार नाही, मानधन नाही, नुसती हौस. सकाळी गुहा झाडायची, पाठीवरच्या काट्यांनी कोळिष्टकं काढायची आणि दारात बसून पाहुण्यांची वाट बघायची. मदतीला घुबडगुरुजी होते. तेही बिनपगारी. गुरुजींची पाळी दुपारची, त्यामुळे ते पाळीभर झोपायचे.

गुहेत एका हत्तीचा सुळा होता. एका नामवंत मोराचा पिसारा होता. आणि मधोमध, दगडावर, गंगी म्हशीच्या गळ्यातली घंटा होती. लहानशी, पितळेची, एका बाजूनं चेपलेली.

फार पूर्वी मोठा दुष्काळ पडला होता. पाणी आटलं. धुळीनं डोळ्यांपुढचं दिसेना. तेव्हा म्हातारी गंगी पुढे चालली आणि तिच्या घंटेच्या आवाजामागून सगळं जंगल लांबच्या डोहापर्यंत पोचलं. ती चालली नसती तर आज इथं कोणीच नसतं. ससेसुद्धा नसते, आणि ससे तर कुठंही असतात.

संग्रहालयाचं उद्घाटन झोकात झालं होतं. सरपंच आप्पासाहेब गवे यांनी फीत कापली. "आपला वारसा हाच आपला आरसा," असं म्हणाले. टाळ्या पडल्या. मग सगळे जेवायला गेले, ते परत आलेच नाहीत.

क्वचित एखादा ससा डोकावायचा.

"इथं चहा मिळतो का?"

"चहा नाही, पण गंगीची घंटा आहे."

"मग राहू दे."

एक दिवस आप्पासाहेब आले. सोबत कोल्हेशेठ. शेठ आल्याआल्या गुहेची लांबीरुंदी बघू लागले.

"साळूबाई, पुढच्या बाजारापर्यंत गुहा खाली करा," आप्पासाहेब म्हणाले. "शेठना इथं मंगल कार्यालय काढायचंय. मेलेल्यांच्या वस्तूंपेक्षा जिवंतांची लग्नं महत्त्वाची, नाही का?"

"आणि गंगीचं काय करायचं?"

"कोण गंगी?" आप्पासाहेबांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी साळूबाई कंदमुळं आणायला गेली. परत येऊन बघते तो दगड रिकामा! घंटा नाही. शेजारी गुरुजी घोरत होते. साळूबाई तिथंच बसली आणि रडली. रडताना तिचे काटे खळाखळा वाजत होते.

ही बातमी माकडांनी नेली, म्हणजे ती सगळीकडे गेली.

"घंटा चोरीला गेली!"

"कुणाची?"

"आपली!"

"आपली? आपल्या घंटेला हात लावला?"

संध्याकाळपर्यंत गुहेबाहेर रांग लागली. एकेक जण आत यायचा, रिकाम्या दगडाकडे बघायचा आणि उसासा टाकायचा. कित्येकांनी दगडासोबत फोटो काढले.

"मी तर रोज यायचो हो दर्शनाला," ससा म्हणाला.

"माझ्या डोक्याएवढी होती," अस्वल म्हणालं.

"आणि सोन्याची!" मागून कोणीतरी ओरडलं.

"अहो, पितळेची होती. एवढीशी," साळूबाई सांगत होती. पण तिचं ऐकतो कोण?

मग एका तरसानं विचारलं, "बाई, ही गंगी नेमकी कोण होती?"

साळूबाईनं सांगितलं. दुष्काळ, धूळ, डोह, सगळं. सगळे कान देऊन ऐकत होते. तरसानं डोळे पुसले. रांग संपेना, आणि साळूबाईचा घसा बसेपर्यंत गोष्ट संपेना. घंटा गेली म्हणून तिचा जीव तुटत होता, आणि इतके जण आले म्हणून मन भरून येत होतं. तिला स्वतःचीच जरा लाज वाटली.

गर्दी बघून आप्पासाहेब धावत आले. "या गुहेला कोणी हात लावला तर याद राखा!" त्यांनी गर्जना केली. कोल्हेशेठनी मंगल कार्यालयाचा विचार सोडला आणि दाराशी भज्यांची गाडी लावली.

एका सकाळी, रांग लागायच्या आधी, भोरी म्हैस आली. गंगीच्याच वंशातली. मागं तिचं रेडकू होतं, आणि त्याच्या गळ्यात घंटा होती.

"मावशी, मीच नेली," भोरी मान खाली घालून म्हणाली. "हे कार्टं सारखं हरवायचं. इथं घंटेकडे कोणी बघत नव्हतं. म्हटलं, पणजीची वस्तू, पोराच्या कामी येईल. आता सगळीकडे चोर-चोर चाललंय. घ्या तुमची."

गुरुजी चक्क जागे होते. ते कुजबुजले, "साळूबाई, पुरून टाका. कुणाला सांगू नका. रिकाम्या दगडानं संग्रहालय तारलंय."

"गुरुजी, आपण संग्रहालय चालवतो, जादूचे प्रयोग नाही," साळूबाई म्हणाली.

तिनं घंटा पुसली, दगडावर ठेवली आणि दार उघडलं. "या! घंटा सापडली!"

सगळे आत घुसले आणि एकदम थबकले.

"ही?" ससा म्हणाला.

"ही नकली आहे," अस्वल म्हणालं. "खरी माझ्या डोक्याएवढी होती. मी स्वतः सांगितलंय."

"आणि सोनं कुठंय?"

"फसवणूक!"

आप्पासाहेब दगडावर चढले. "बंधूंनो, खरी घंटा मिळेपर्यंत आपण स्वस्थ बसणार नाही! आजच शोधसमिती नेमतो. आणि ती सापडेपर्यंत हे संग्रहालय अशाच दिमाखात चालू राहील!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. साळूबाईनं बोलायला तोंड उघडलं. गुरुजींकडे बघितलं. भज्यांच्या गाडीपर्यंत लांबलेल्या रांगेकडे बघितलं. मग तिनं तोंड मिटलं, नकली ठरलेली घंटा उचलली आणि भोरीच्या रेडकाच्या गळ्यात बांधून टाकली.

तेव्हापासून ते रेडकू संग्रहालयात कधीही येतं. परवाही आलं. साळूबाई सांगत होती, "आणि त्या धुळीतून घंटेचा आवाज आला..." रेडकू कोपऱ्यात उड्या मारत होतं, टण टण टण.

अस्वल वैतागून मागं वळलं. "अहो, त्या पोराला कोणीतरी बाहेर न्या हो! इथं आम्ही इतिहास ऐकतोय."

तात्पर्य: वारसा जपायचा असेल तर तो आधी हरवावा. आणि चुकून सापडलाच, तर बिनधास्त सगळ्यांना दाखवावा. कोणी ओळखत नाही.