अर्ध्या तासाचा सेकंद

मुकुंदवाडीतल्या आमच्या सोसायटीत फायबरचं इंटरनेट आलं, तेव्हा समोरच्या फ्लॅटमधल्या खरातांनी ते बसवायला आलेल्या माणसाला दारातच अडवलं.

"स्पीड किती?"

"शंभर एमबीपीएस, काका."

"आठनं भागा."

माणूस गोंधळला. खरातांनी त्याला समजावलं, की कंपनी बिटात बोलते आणि फाइल बाइटात मोजतात. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे शंभराचे उरले साडेबारा. "आता खरं काय ते कळलं. या आत."

'आठनं भागा' हे त्यांचं पालुपद. कुणी मुलाच्या पगाराची बढाई मारली, की आठनं भागा. रिक्षावाला म्हणाला, दहा मिनिटांत औरंगपुरा, की खरात मला म्हणणार, "आठनं गुणा, मग बसा."

त्याच औरंगपुऱ्यात त्यांचं नेट कॅफे होतं. इंटरनेट फोनच्या तारेतून यायचं तेव्हाची गोष्ट. मोडेमवर छप्पन लिहिलेलं असायचं, हाती पन्नास लागायचे, तेही किलोबिट. तेव्हापासून जगातली प्रत्येक गोष्ट ते त्या जुन्या लायनीवर उतरवून बघतात. "भाऊसाहेब, ह्या फायबरचा एक सेकंद म्हणजे माझ्या लायनीचा अर्धा तास. दोन हजारपट फरक." माझ्या सुनेनं एक जीबीचा सिनेमा दीड मिनिटात उतरवला, तर खरात डोळे मिटून म्हणाले, "जवळजवळ दोन दिवस. अन् मधी कुणी फोन उचलला, की परत पहिल्यापासून."

आम्ही सगळे हसायचो. पण खरातवहिनी वारल्यावर त्यांनी नवंच सुरू केलं. जर्मनीतल्या मुलाचा, संजूचा, फोटो आला की मोबाइल पुठ्ठ्यानं झाकायचा आणि पुठ्ठा हळूहळू खाली सरकवत बसायचं. चार एमबीचा फोटो असला तर जुन्या लायनीच्या हिशेबानं दहा-अकरा मिनिटं. तेवढा वेळ दार वाजवलं तरी उठायचं नाही.

आज सोसायटीत खरातांच्या डोक्याबद्दल जे बोललं जातं, त्याची सुरुवात माझ्यापासून झाली. मी सेक्रेटरी. मीच संजूला फोन करून सांगितलं, की बाबांचं लक्षण ठीक दिसत नाही. तो घाबरला. म्हणाला, "मग फ्लॅट विकून टाकतो, काका. त्यांना पुण्याला वृद्धाश्रमात ठेवू. तुम्हीच बोला त्यांच्याशी, माझं ऐकायचे नाहीत."

बोलायला गेलो ती दुपारची वेळ होती. खरात सोफ्याच्या एका टोकाला बसले होते, मांडीवर मोबाइल, त्यावर पुठ्ठा.

"बसा. संजू येतोय."

"खरात, संजूच म्हणत होता की..."

"आधी त्याला उतरू द्या."

पुठ्ठा बोटभर खाली सरकला. केस दिसले, पुष्कळसे पांढरे. खिडकीतलं ऊन पडद्यातून गाळलं जाऊन फरशीवर हलत होतं. हर्सूल तलावावरचं धुकं विरताना पलीकडचा काठ दिसत जातो, तसा तो फोटो उघडत होता. मीही बघू लागलो.

"दुपारी कॅफेत गिऱ्हाईक नसायचं," खरात म्हणाले. "पोरगा नुकता शिकायला गेलेला. फोटो वरून खाली एकेक ओळ यायचा. कपाळ दिसलं की हिची अन् माझी पैज, कसा असंल. एकदा नाकापर्यंत आला अन् लाइन तुटली. ही म्हणली, तोंड बघितल्याबिगर जेवायची नाय. संध्याकाळी लाइन लागली, तवा जेवली."

पुठ्ठा आणखी सरकला.

"माझं म्हणणं, वाळलाय," खरात कपाळ निरखत म्हणाले. मग सोफ्याच्या रिकाम्या बाजूकडे जरा कान देऊन बसले आणि हसले. "ही म्हणती, वाळला नाय. केस बारीक कापलेत म्हणून तसं दिसतंय. लई मजेत हाय."

भुवया आल्या. डोळे आले. मी पुढं वाकलो होतो. मग गाल आले, चांगले भरलेले, आणि खाली मोठं हसू.

खरात उठले आणि चहाचं आधण ठेवायला आत गेले.

मी गॅलरीत जाऊन संजूला फोन लावला.

"बोललात काका?"

"नाही. मी तुला चुकीचं सांगितलं होतं," मी म्हणालो आणि जे पाहिलं ते सगळं सांगितलं. कपाळाचं, पैजेचं, नाकाशी तुटलेल्या लायनीचं.

"घराचं राहू द्या, काका," तो म्हणाला. मग हळूच विचारलं, "आज कोण जिंकलं?"

"तुझी आई."