धनंजय पुन्हा दहावीला बसतो

नागपूरच्या आसपास आपला एकही नातेवाईक नाही असं गाव शोधणं म्हणजे काही खायचं काम नाही. पण धनंजय सेलोकरने ते शोधलं होतं. गावाचं नाव पवनी, जिल्हा भंडारा. "शनिवार-रविवार तू आणि मी. तिसरं माणूस नाही," असं त्याने बायकोला, हर्षाला, छातीठोकपणे सांगून टाकलं.

लग्न झाल्यापासून ही दोघं जिथे जिथे गेली, तिथे कुणाचं तरी लग्न होतं, बारसं होतं, नाहीतर तेरवी होती. नवऱ्याबरोबर नदीकाठी नुसतं बसावं, एवढीच हर्षाची हौस. ती या वेळी पुरी करायचीच, जग इकडचं तिकडे झालं तरी, असा धनंजयचा पण होता. पण सेलोकर मंडळी भंडारा जिल्ह्यात गाजरगवतासारखी पसरलेली. तेव्हा खबरदारी एकच घ्यायची होती. खरं आडनाव सांगायचं नाही.

पवनीच्या स्टँडवर उतरून दोघं चहाच्या टपरीवर टेकतात न टेकतात तोच चहावाल्या श्रावणने विचारलं, "आडनाव काय जी तुमचं?"

धनंजयने घरून 'कुलकर्णी' पाठ करून आणलं होतं. ते नेमकं ऐन वेळी डोक्यातून उडालं. समोर दुकानावर पाटी होती, 'मोहतुरे किराणा'. तो मोहतुरे म्हणाला. गाव कोणतं, तर तेवढ्यात पुढून आसगावची एसटी गेली. तो आसगाव म्हणाला.

श्रावणने तिथूनच रस्त्यापलीकडे हाक दिली आणि दुकानातून भैय्यालाल मोहतुरे लगबगीने आला. दाढीचे खुंट वाढलेले, चेहरा ओढलेला. त्याने धनंजयचे दोन्ही हात हातात घेतले. "आसगावचे म्हणजे आमची भाऊकीच. दहावीसाठी आले ना जी?"

महिना मार्चचा. बोर्डाची परीक्षा चालू. धनंजयच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हा आपल्याला परीक्षेवर देखरेखीला आलेला साहेब समजतोय! आणि साहेबाच्या वाटेला जातं कोण? दोन दिवस निवांत! तो थोडा ताठ झाला आणि म्हणाला, हो, दहावीसाठीच.

"मंग लॉजवर कायले? घर हाय ना," म्हणत भैय्यालालने बॅग उचललीसुद्धा.

घरी सगळे हळू आवाजात बोलत होते. साहेबाचा वचक, धनंजयने ताडलं. जेवायला बिनफोडणीचं वरण आणि भात आला. साधी माणसं, तो मनात म्हणाला. अशाच जेवणाला भाऊकीतल्या आणखी दोन घरांनी बोलावलं आणि साहेबी सांभाळायची म्हणून तो तिथेही जेवला. संध्याकाळी ओसरीवर त्याने अधिकारवाणीने भैय्यालालला विचारलं, "तयारी कशी आहे? किती जण बसणार?"

"सगरी झाली जी. उद्या सकारी घाटावर. भाऊकीतले धाकटे सगरेच बसतीन."

परीक्षा रविवारी आणि तीही घाटावर, हे धनंजयला जरा खटकलं. पण घाटाजवळ शाळा असेल अशी त्याने स्वतःची समजूत घातली आणि सगळं शांततेत पार पडलं पाहिजे, अशी वर तंबी दिली. भैय्यालालच्या डोळ्यांत पाणीच आलं. एवढ्या आपुलकीने कुणी विचारलं नव्हतं म्हणाला.

हर्षाची रवानगी आत बायकांत झाली होती. दहावी म्हणजे भैय्यालालच्या थोरल्या काकांच्या, गोमाजींच्या मरणाचा दहावा दिवस, आणि 'बसणार' म्हणजे न्हाव्यापुढे डोकं भादरायला, हे तिला तिथे कळलं. पण ते नवऱ्याच्या कानावर घालायचं कसं? पुरुष ओसरीवर, बायका माजघरात, आणि मधे भैय्यालालची आई धुरपताबाई, दार अडवून निजलेली.

सकाळी पुरुष पुढे, बायका मागून, असे सगळे वैनगंगेच्या घाटावर जमले. बाहेरगावाहून आले त्यांना आधी बसू द्या, असं भैय्यालालने न्हाव्याला सांगितलं. साहेबाची दाढी करणार, एवढंच धनंजयला वाटलं. वरच्या पायरीवरून हर्षा दोन्ही हात हलवत होती. तोही प्रेमाने हात हलवून दगडावर बसला. न्हाव्याने डोक्यावर पाणी घालून चोळायला सुरुवात केली, तेव्हा चंपीच्या सुखाने त्याने डोळे मिटले.

वस्तरा कपाळापासून टाळूपर्यंत गेला आणि डोळे उघडले.

"थांबा! मी मोहतुरे नाही!"

न्हावी वस्तरा वर धरून म्हणाला, "मंग हे काढलं ते परत कसं लावू जी?"

धनंजयने सगळं कबूल केलं. पाटी, एसटी, साहेबी, सगळं. बोलता बोलता त्यालाच स्वतःची लाज वाटली. ज्यांच्या घरात माणूस गेलं होतं, त्यांनी त्याला पाहुणा म्हणून तीन घरी जेवू घातलं होतं. भैय्यालाल खाली बघत राहिला. धुरपताबाई मात्र सावकाश पायऱ्या उतरून आली आणि त्याच्यापुढे उभी राहिली.

"मंग तू कोनाचा?"

"सेलोकर. पालांदूरचे."

"पालांदूरची तुळसा तुही कोन?"

"आजी," धनंजय पुटपुटला.

म्हातारीने कपाळाला हात लावला. "अगा, तुळसा माही मावसबहीन. तू त माहा नातू झाला." मग तिने न्हाव्याला उरलेलं डोकं नीट करून द्यायला सांगितलं, कारण नातवाला असं अर्धवट भादरून पाठवणं बरं दिसत नाही. आणि भैय्यालालला म्हणाली, "काल जेवला तो मोहतुरे होता. सेलोकर अजून उपाशीच हाय. आज आंघोळी झाल्या का याले घरोघरी पहिलेपासून जेवाले न्या."

भैय्यालाल हसला. धनंजयने गुळगुळीत डोक्यावरून हात फिरवला आणि निदान दुपारची गाडी तरी गाठायला हवी, असं सांगायला तोंड उघडलं.

"गप बसा," हर्षा पायरीवरून म्हणाली. "आता तिसरं आडनाव काढू नका."